जुना रंग आधीं काढा

शास्त्रपाठ :— कलस्सैकरांस पत्र, अध्याय ३, वचनें ९ ते ११.



वर निर्देशिलेल्या वचनांत प्रेषित पौल कलस्सै येथील मंडळीस वस्त्राचा दाखला देऊन बोध करितो. मळलेलें वस्त्र उतरवावें तसा पूर्वीचा स्वभाव उतरवावा, व स्वच्छ वस्त्र नेसावें तसा नवा स्वभाव धारण करावा, असा त्याच्या सांगण्याचा भाव आहे. वाचकांनीं तें स्थळ काढून स्वतः वाचावें, व विशेषेंकरून त्यांतील क्रम ध्यानांत घ्यावा. आधीं काढणें आहे, मग घालणें आहे. मनुष्यास हा क्रम उलटा करण्याची, किंवा त्यांतील पहिली पायरी अजिबात गाळण्याची, फार हौस असते. नवें तर हवें, पण जुनें सोडवत नाहीं. म्हणून जुन्यावरच नवें चढवावें, असें त्याच्या मनांत येतें.

हें शेतकऱ्यास समजावून सांगण्यास नाशिक जिल्ह्यांत दाखले दूर शोधावयास नकोत. पोळ्याच्या आधीं बैलांचीं शिंगें साळून मगच त्यांस रंग देतात. भिंतीचे पोपडे खरवडून मगच तिला चुन्याचा हात देतात. आणि बैलांचें पुष्कळसें काम आतां ज्यानें आपल्याकडे घेतलें आहे, त्या ट्रॅक्टराचीही गोष्ट तीच आहे. ती आज आम्ही विस्तारानें घेतों.

आपल्या देशांत ट्रॅक्टर तयार होऊं लागल्यास साठ वर्षांहून अधिक काळ लोटला. १९५९ साली फरीदाबाद येथें आयशरचा ट्रॅक्टर बाहेर पडला. १९६३ साली महिंद्र कंपनीनें अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीशीं भागी करून ट्रॅक्टरांचा धंदा सुरू केला, व त्यांचा तांबडा बी-२७५ शेतकऱ्यांच्या परिचयाचा झाला. आजोबांनीं घेतलेलें असें यंत्र नातवास मोडींत घालवत नाहीं. त्यास पुन्हा रंग देऊन दारांत उभें करावें असें त्यास वाटतें. परंतु त्या यंत्रानें आजवर काय काय सोसलें आहे! द्राक्षबागेंतील मोरचुदाची व गंधकाची फवारणी त्यावर उडाली आहे, खताचीं पोतीं त्यावर घासलीं आहेत, निफाडच्या उन्हांत तें तापलें आहे व इगतपुरीच्या पावसांत भिजलें आहे. शिवाय एखाद्या दसऱ्यास कोणीं तरी घाईनें त्यावर ब्रशाचा एक हात मारलेला असतो. थरावर थर चढले आहेत, आणि मूळचा रंग कोणता हें घरांतील वडील माणसांवांचून कोणास सांगतां येत नाहीं. अशा यंत्रास नवा रंग देणारा कुशल कारागीर ज्या गोष्टी पाळितो, त्यांपासून आम्हांस काय शिकावयाचें आहे तें पाहूं.

प्रथम. सुटलेल्या रंगावर नवा रंग टिकत नाहीं. चांगला रंगारी आल्याबरोबर रंगाचा डबा उघडीत नाहीं. तो नखानें पोपडा उचलून पाहतो. कारण नवा रंग आपल्या खालच्या थरास धरून असतो, आणि तो खालचा थरच लोखंडापासून सुटलेला असेल तर वरचा रंग कितीही किमती असो, तो जुन्यासह गळून पडतो. त्याहून वाईट हें कीं, गंजास दडावयास जागा मिळते. लोखंड, हवा व पाणी यांच्या संयोगानें गंज होतो, आणि तो मूळ लोखंडाहून अधिक जागा व्यापितो. म्हणून तो आंतून फुगून रंगास वर उचलतो, रंगास फट पडते, व त्या फटींतून आणखी पाणी शिरतें. वरून चकाकी आणि खालीं झीज, अशी स्थिति होते. यहेज्केलाच्या १३ व्या अध्यायांत कच्च्या भिंतीस चुना फांसणारे संदेष्टे आहेत. त्यांची लबाडी हीच. भिंत पांढरी झाली म्हणून ती पक्की झाली नाहीं, आणि पाऊस व गारा आल्या तेव्हां तें सर्वांस कळलें.

बंधूंनो, बाप्तिस्मा घेणें, मंडळीच्या पटावर नांव लागणें, रविवारीं स्वच्छ कपडे घालून उपासनेस येणें, हीं सर्व चांगलीं आहेत. परंतु जुन्या रागावर, जुन्या लोभावर व जुन्या अभिमानावर चढविलेला हा केवळ एक हात असेल, तर पहिल्या संकटाच्या पावसांत त्याचे पोपडे निघतील. आणि ते निघाले म्हणजे शेजारी तुम्हांस हसणार नाहींत. ते ख्रिस्ताच्या नांवास हसतील.

दुसरें. खरवडण्याच्या आधीं तेल धुवावें. जुन्या ट्रॅक्टरावर तेल, ग्रीस व धूळ यांचा मेणासारखा लेप बसलेला असतो. तो घासलेटानें किंवा डिझेलनें सोडवून, नंतर साबणाच्या पाण्यानें धुवून, यंत्र कोरडें करावें लागतें. हें न करितां पॉलिश पेपर चालविला तर तेंच तेल सर्वत्र पसरतें, आणि पुढें नवा रंग त्या जागीं धरीत नाहीं. आतां हें लक्षांत घ्या कीं, तें तेल कोणीं शत्रूनें आणून ओतलेलें नाहीं. तें रोजच्या कामांतून आलेलें आहे. आमच्या उद्योगधंद्यांतूनही असाच एक लेप आम्हांवर बसतो. कांद्याच्या ट्रॉलींत वर निवडक माल व खालीं सडका. मजुराच्या मजुरींतून कांहीं ना कांहीं कारणानें कापलेले दहा रुपये. बांध नांगरतां नांगरतां शेजाऱ्याच्या रानांत सरकलेलें वीतभर तास. मनुष्य पापाविषयीं रडतो, पण हा लेप तसाच राहूं देतो. जक्कयाचें उदाहरण लूकाच्या १९ व्या अध्यायांत वाचा. प्रभु त्याच्या घरीं आला तेव्हां त्यानें गोड शब्दांवर भागविलें नाहीं. ज्याचें घेतलें होतें त्यास चौपट परत करण्याची गोष्ट त्यानें काढिली. तें त्याचें तेल धुणें होतें.

तिसरें. सर्व भागांस एकच उपाय चालत नाहीं. ही गोष्ट आम्ही विशेषतः उपदेशक बंधूंकरितां लिहितों. जाड ओतीव लोखंडास तारेचा ब्रश किंवा वाळूचा मारा सोसतो. तोच मारा बॉनेटच्या पातळ पत्र्यावर जोरानें केला तर पत्रा ताणला जाऊन वांकतो, व मग तो सरळ करणें कठीण जातें. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यांत लोखंडी भागाचा जुना रंग सुटतो. पण ॲल्युमिनियमचा भाग त्यांत टाकला तर रंगाबरोबर तो भागही खाल्ला जातो. बेअरिंगें, तेलाचीं सीलें व रेडिएटर झांकल्याशिवाय वाळू मारली तर रंग निघेल, पण यंत्र जाईल. म्हणून कारागीर आधीं पाहतो, हा भाग कशाचा आहे.

आत्म्यांचें पालकत्व ज्यांनीं पत्करिलें आहे त्यांनींही हेंच पाहावें. थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्राच्या ५ व्या अध्यायांत पौलानें बेशिस्त मनुष्यास एक वागणूक, भित्र्यास दुसरी व अशक्तास तिसरी सांगितली आहे. आणि धीर मात्र सर्वांशीं धरावयास सांगितला आहे. नाशिकजवळच्या जलालपुरच्या कन्या लक्ष्मीबाई टिळक यांचें चरित्र आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक आहे. त्यांचे पति नारायण वामन टिळक यांनीं १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई पुढें पतीजवळ राहावयास आल्या तरी त्यांचें सोंवळेंओंवळें एकदम सुटलें नाहीं. तें थराथरानें निघालें, आणि बाप्तिस्मा त्यांनीं कांहीं वर्षांनीं स्वतःच्या निश्चयानें घेतला. ही सर्व हकीकत त्यांनीं 'स्मृतिचित्रें' या आपल्या पुस्तकांत न लपवितां सांगितली आहे. कोणीं त्यांजवर वाळूचा मारा केला असता तर काय झालें असतें? पत्रा वांकला असता. ज्या मनुष्यास वेळ लागतो तो मनुष्य खोटा आहे, असें उपदेशकानें समजूं नये.

चौथें. निघालेली धूळ विषारी असते. जुन्या रंगांत शिसें फार असे. पिवळ्या व तांबड्या रंगांत तें असेच, पण लोखंडास गंज चढूं नये म्हणून जो शेंदराचा पहिला हात देत, तो शेंदूर म्हणजे शिशाचेंच भस्म होय. आपल्या सरकारनें घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाचें प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक नसावें असा नियम २०१६ साली केला, व तो २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. परंतु पन्नास वर्षांपूर्वींच्या रंगास तो नियम कोठून ठाऊक असणार! असा रंग कोरडा घासला तर त्याची धूळ श्वासावाटे शरीरांत जाते, आणि ज्योतीनें जाळला तर धुरांतून जाते. लहान मुलांच्या मेंदूस तिजपासून फार अपाय होतो. वाळूच्या धुळीनें फुप्फुसें कायमचीं निकामी होतात, हें तर दगडखाणींतील मजुरांस ठाऊकच आहे. म्हणून पाणी लावून घासावें, तोंडास चांगला मास्क बांधावा, मुलांस दूर ठेवावें, निघालेले पोपडे व गाळ गोळा करून ठेवावा. अंगणांत, विहिरीकडे किंवा गुरांच्या गव्हाणीजवळ तो झाडूं नये. ही सूचना ज्यांच्या घरीं असें काम निघेल त्यांनीं अक्षरशः पाळावी.

आणि तिचा दुसरा अर्थही ध्यानांत धरावा. एखाद्या भावानें आपलें जुनें पाप कबूल केलें, तर तें गांवभर उधळावयाची वस्तु नव्हे. मत्तयाच्या १८ व्या अध्यायांत प्रभूनें अपराधी भावाकडे आधीं एकट्यानें एकट्याकडे जावयास सांगितलें आहे. जो कबुलीची धूळ पाणवठ्यावर नेऊन झाडितो तो शुद्धीचें काम करीत नाहीं. तो लेकराबाळांच्या तोंडांत शिसें घालितो. मात्र जेथें दुर्बळाची हानि झाली आहे, तेथें गोष्ट झांकून ठेवणें हें या वचनाचें पालन नव्हे. तेथें योग्य अधिकाऱ्यांपुढें ती मांडलीच पाहिजे.

पांचवें. रंग काढावा, नंबर काढूं नये. प्रत्येक ट्रॅक्टरावर इंजिनाचा व चॅसिसचा नंबर उमटविलेला असतो. अडाणी मनुष्य घासण्याच्या भरांत त्यावर यंत्र चालवितो व तो पुसून टाकितो. मग कागदपत्रांशीं मेळ बसत नाहीं, आणि आपलीच वस्तु आपली आहे हें सिद्ध करणें जड जातें. सुज्ञ कारागीर ती जागा हातानें हळूच साफ करितो. त्याचप्रमाणें परमेश्वरानें आम्हांस ज्या देशांत जन्मास घातलें, जी मायबोली दिली, जे ओवीचे व अभंगाचे सूर कानांत घातले, ते कांहीं जुन्या मनुष्याचे पोपडे नव्हेत. टिळकांनीं ख्रिस्ताचें स्तवन अभंगांत व भजनांत आणिलें, तें याच समजुतीनें. देव आमचें पाप काढितो. आम्हांस परके करून टाकीत नाहीं.

सहावें. भेग सांपडली तर ती जोडावी, बुजवूं नये. रंग काढण्याचा सर्वांत मोठा लाभ हा कीं, खालचें खरें लोखंड दिसतें. मडगार्डाच्या बोल्टापाशीं, बॅटरीच्या बैठकीखालीं, पुढच्या सांगाड्याच्या कोपऱ्यांत भेगा असतात, आणि रंगाखालीं त्या कित्येक वर्षें दिसत नाहींत. ओझर येथें १९६४ पासून हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विमानांचा कारखाना आहे. विमानाची मोठी दुरुस्ती करितांना सांगाड्यावरील रंग उतरवून भेगा शोधणें हा जगभरचा प्रघात आहे, कारण तेथें दडलेली एक भेग म्हणजे वैमानिकाचा प्राण. ट्रॅक्टराच्या भेगेवर दोन उपाय असतात. एक, ती झाळून घेणें. यास अग्नि लागतो, वेळ लागतो व पैसा लागतो. दुसरा, लांबी भरून वर रंग फिरविणें. हा उपाय ट्रॅक्टर विकावयाचा असेल त्यास आवडतो. ज्यास तो स्वतः चालवावयाचा आहे त्यास तो परवडत नाहीं, कारण चढावर भरलेली ट्रॉली ओढतांना लांबी उपयोगीं पडत नाहीं.

प्रियहो, आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत ही भेग कोणती आहे? आम्हांस तिचें नांव घेण्याचें भय वाटूं नये. ती जातीची भेग आहे. शास्त्रपाठांत आम्ही ११ वें वचन मुद्दाम घातलें आहे. पुष्कळ लोक ९ वें व १० वें वाचून पुस्तक मिटतात. परंतु जुनें काढून नवें धारण केल्याची खूण कोणती, हें पौल लागलीच पुढें सांगतो. तेथें हेल्लेणी व यहूदी हा भेद उरत नाहीं, सुंता झालेला व न झालेला हा भेद उरत नाहीं, दास व स्वतंत्र हा भेद उरत नाहीं. म्हणजे ज्या वचनांवर आमचा नवा जन्म उभा आहे, त्यांच्या शेजारींच जातीचा निकाल लागलेला आहे. असें असतां प्रभूच्या मेजाजवळ एका प्याल्यांत सहभागी होणारीं दोन कुटुंबें सोयरिकीची गोष्ट निघाली म्हणजे आपआपले पूर्वीचे वाडे कां आठवितात? उपदेशक अमुक वाड्यांतला आहे म्हणून त्याच्या घरचा चहा कां नाकारला जातो? ज्यांस स्वतः गांवानें विहिरीवरून हांकून दिलें होतें, त्यांच्या नातवांनीं आपल्याहून खालचा कोणी तरी शोधून ठेवावा, ही केवढी दुःखाची गोष्ट आहे! ही भेग प्रेमाविषयींच्या गोड भाषणांनीं बुजत नाहीं. तीं भाषणें म्हणजे लांबी होय. ती जोडावयास अग्नि पाहिजे. एकमेकांच्या घरीं बसून जेवणें, मुलामुलींच्या सोयरिकींत जुना वाडा न विचारणें, मंडळीच्या पंचांत सर्वांस सारखें स्थान देणें, ही ती झाळणी होय. तिनें हात पोळतील, नातलग रुसतील. परंतु लोखंड एक होईल.

सातवें. उघडें लोखंड तसेंच ठेवूं नये. रंग निघाला, गंज निघाला, भेग जोडली, लोखंड चांदीसारखें लखलखूं लागलें. अडाण्यास वाटतें, काम झालें. जाणता म्हणतो, आतांच खरा धोका आहे. श्रावणाच्या हवेंत असें उघडें लोखंड एका रात्रींत तांबूस पडतें. त्यास नुसता ओला हात लागला तरी घामाच्या खारटपणानें बोटांचे ठसे गंजून उमटतात. म्हणून ज्या दिवशीं लोखंड साफ झालें त्याच दिवशीं, तें पुसून व वाळवून, प्राइमरचा हात दिला पाहिजे. त्यावर रंगाचे पातळ हात, एक वाळल्यावर दुसरा, असे द्यावे. एकदम जाड हात दिला तर तो ओघळतो व सुरकुततो.

लूकाच्या ११ व्या अध्यायांत प्रभूनें झाडलेल्या पण रिकाम्या घराची गोष्ट सांगितली आहे. गेलेला दुष्ट आत्मा आपल्याहून वाईट सात आत्मे घेऊन परत आला, व त्या मनुष्याची शेवटची दशा पहिलीहून वाईट झाली. घर झाडणें चुकीचें नव्हतें. तें रिकामें ठेवणें चुकीचें होतें. एखाद्यानें दारू सोडिली आणि संध्याकाळचा तो वेळ तसाच मोकळा ठेविला, तर त्यास कोण वांचवील? जातभाईंनीं टाकलेल्या कुटुंबास मंडळीनें नुसता बाप्तिस्मा दिला, पण त्याच्या सुखदुःखाच्या प्रसंगीं कोणीं त्याच्या दारीं गेलें नाहीं, तर तें उघडें लोखंड पावसांत ठेवल्यासारखें आहे.

येथें आमच्या नाशिकचाच एक जुना कित्ता आहे. एकोणिसाव्या शतकांत चर्च मिशनरी सोसायटीनें नाशिकजवळ शरणपूर वसविलें. अरबी समुद्रांतील गुलामांच्या गलबतांवरून सोडविलेल्या आफ्रिकन मुलांस तेथें आश्रय मिळाला. त्यांच्या बेड्या निघाल्या होत्याच; पण तेवढ्यावर काम पुरें झालें असें कोणीं मानिलें नाहीं. त्यांस अक्षरें शिकविलीं, व लोहारकी, सुतारकी अशा धंद्यांत त्यांचा हात बसविला. त्यांपैकीं जेकब वेनराइट हा पुढें आफ्रिकेंत डॉ. लिव्हिंग्स्टन यांचा मृतदेह समुद्रकिनाऱ्यापर्यंत वाहून नेणाऱ्या विश्वासू लोकांत होता. त्या देहाबरोबर तो इंग्लंडास गेला, आणि १८७४ च्या एप्रिलांत वेस्टमिन्स्टर ॲबीमध्यें दफनविधीच्या वेळीं शवपेटीजवळ चालला. ज्यास मनुष्यांनीं वस्तु म्हणून विकलें होतें, त्यास विश्वासूपणाचें वस्त्र कसें शोभलें तें पाहा. बेड्या काढणें ही पहिली पायरी झाली. हातास काम, मनास विद्या व जिवास सोबत देणें ही दुसरी. पहिलीवांचून दुसरी टिकत नाहीं, आणि दुसरीवांचून पहिली व्यर्थ जाते.

तर मग, वाचकहो, या आठवड्यांत काय करावें? द्राक्षवाला बोर्डो मिश्रण फवारण्यापूर्वीं त्यांत लोखंडी विळा बुडवून पाहतो. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला आहे हें तो ओळखतो, व वेलीस अपाय होण्याच्या आधींच सुधारतो. तशी आपली परीक्षा प्रत्येकानें देवाच्या वचनांत स्वतःस बुडवून करावी, दुसऱ्यास बुडवून नव्हे. ज्याच्याशीं अबोला आहे त्याच्या दारीं एकदां जावें. ज्याचें देणें आहे त्यास, सगळें नाहीं तरी पहिला हप्ता, नेऊन द्यावा. उपदेशकांनीं या महिन्यांत किती बाप्तिस्मे झाले हें वहींत लिहिण्याआधीं, मागच्या वर्षीं ज्यांचे झाले त्यांच्या घरीं आपण किती वेळां गेलों, हें मोजावें. आणि प्रत्येक मंडळीनें वरील ११ वें वचन एकत्र बसून मोठ्यानें वाचावें, व मग एकमेकांकडे पाहावें.

हे प्रभो, आम्ही आमच्या जुन्या थरांस जपून बसलों आहों. तुझा हात कठोर वाटला तरी तो आम्हांवरून काढूं नको. जें सुटलेलें आहे तें काढ, जें भंगलेलें आहे तें जोड, आणि जें उघडें आहे त्यास तुझ्या ख्रिस्ताच्या नीतिमत्त्वानें झांक. म्हणजे पाऊस येईल तेव्हां आम्ही टिकून राहूं. आमेन.